दाखल्यासाठी वकील? होय, आणि तोही मोफत!

रविवारची वंदना आटोपली, लोक चपला शोधू लागले, आणि आमच्या वस्तीतली एक बाई प्लास्टिकची थैली घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "भाऊ, हे कागद एकदा पाहून द्या ना. पोरीचा अर्ज पुन्हा वापस आला." मी कचेरीत कारकून. वस्तीत कुणालाही अर्ज लिहायचा झाला की माझ्याकडे येतात. त्यात नवल काही नाही. पण त्या थैलीने मला जे शिकवले ते वीस वर्षांच्या नोकरीने शिकवले नव्हते, म्हणून हा लेखप्रपंच.

मुलगी चोवीस वर्षांची. बारावी झालेली. तिला सिकलसेल आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्या आपल्या घरांना हा शब्द नवा नाही. आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला की रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. एकाच बाजूने दोष आलेला माणूस केवळ वाहक असतो, त्याला बहुधा त्रास होत नाही. ही मुलगी वाहक नाही, रुग्ण आहे. वर्षातून चार-पाच वेळा दवाखान्यात भरती होते, रक्त चढवावे लागते. रक्तपुरवठा तुटल्याने डाव्या खुब्याचे हाड झिजले आहे. शिलाईच्या कारखान्यात कामाला लागली होती, तीन महिन्यांत सुटी घेऊन घेऊन काम सुटले. वडील नाहीत. आई चार घरची धुणीभांडी करते.

अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा होता त्यात सात प्रकार होते, सिकलसेल त्यात नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. त्यात एकवीस प्रकार आहेत आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे तिन्ही आजार नावानिशी आहेत. म्हणजे हक्क कागदावर आहे. पण तपासणीच्या दिवशी काय झाले? मुलगी त्या दिवशी बरी होती, स्वतःच्या पायांनी आत गेली. "पोरगी तर चांगली दिसते बाई, हिला कायचं अपंगत्व?" हे तोंडी. ऑनलाइन अर्जापुढे शेरा फक्त 'नामंजूर'. कारण काही नाही.

मग अर्ज मी लिहिला. मी बी.कॉम., भाषा चांगली, आणि खरे सांगतो, मला थोडी घमेंडही होती. 'विनंती की अर्जदार अत्यंत गरीब व निराधार असून आपण मायबाप आहात, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असा दोन पानी अर्ज. तोही वापस. दुसरा आणखी करुण लिहिला. त्याचे उत्तरच आले नाही. सहा महिने गेले, आणि त्यात माझ्या सुंदर अक्षराचा वाटा होता हे कबूल केले पाहिजे.

आमच्या कचेरीतले एक निवृत्तीला आलेले साहेब म्हणाले, "अर्ज कसले करता? कोर्टात विधी सेवेत जा. वकील मोफत मिळतो." मी म्हटले, साहेब, कोर्टात केस कुठे आहे? साधा दाखला तर पाहिजे. ते हसले. घरी येऊन बाईला सांगितले तर ती घाबरली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आपल्या हाडीमाशी भिनलेली. "वकिलाची फी कुठून देऊ भाऊ?"

माझीही समजूत तीच होती, आणि ती चूक होती. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याआधी १९७६ मध्ये संविधानात अनुच्छेद ३९-क घातले गेले, त्यात मोफत कायदेविषयक साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. आता या १९८७ च्या कायद्यात 'विधी सेवा' याचा अर्थ केवळ कोर्टात उभे राहणे असा नाही. कोर्ट, न्यायाधिकरण किंवा अन्य कोणत्याही प्राधिकरणापुढच्या कामात मदत, आणि कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला, हे दोन्ही त्यात येते. दाखला देणारे वैद्यकीय प्राधिकरण हेही प्राधिकरणच. म्हणजे अर्ज भरण्यापूर्वीच, भांडण होण्यापूर्वीच वकिलाचा सल्ला मागता येतो. आपले लोक जातात ते सगळे बिघडल्यावर.

हे कुणाला मिळते? कलम १२ वाचा. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, अठरा वर्षांखालील मूल, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कैदेत असलेला माणूस, अत्याचार वा पूर यांसारख्या आपत्तीत सापडलेला माणूस. यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना ती आहे.

पण इथे एक गंमत, म्हणजे गंमत तरी कशी म्हणावी! खिडकीवर बाईला पहिला प्रश्न झाला, "दिव्यांग म्हणता, तर प्रमाणपत्र दाखवा." आता ते मिळत नाही म्हणून तर आली! बाई परत फिरणार तेवढ्यात तिथल्या विधी स्वयंसेवक ताई म्हणाल्या, "अहो, मुलगी आहे ना? मग 'स्त्री' या रकान्यावर खूण करा. आधार कार्ड पुरे." पाच मिनिटांत अर्ज घेतला. पुरुष असता तर अनुसूचित जातीच्या रकान्यातून. आणि 'तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला अनुसूचित जातीचा लाभ कसा?' असे कुणी अजूनही विचारले तर उत्तर तयार ठेवावे: १९९० मध्ये अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला आहे. जातीचा दाखला काढून ठेवा, आळस करू नका. ज्याला लिहिता येत नाही त्याची हकीकत तोंडी ऐकून तिथला माणूस फॉर्म भरून देतो, तसा नियमच आहे.

नेमून दिलेल्या वकील बाई तरुण होत्या. त्यांनी माझे दोन्ही अर्ज वाचले, 'मायबाप', 'करुणा', 'सहानुभूती' यावर लाल रेघ मारली आणि विचारले, "भरतीचे कागद कुठे आहेत?" थैलीत होता तो फक्त रक्ततपासणीचा एक रिपोर्ट आणि केसपेपर. मुलीला आजार आहे एवढे त्यावरून सिद्ध होते. तो किती जाच करतो हे सिद्ध होत नाही, आणि टक्के त्या जाचावर ठरतात. मग दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करून तीन वर्षांची डिस्चार्ज कार्डे काढली, रक्त किती वेळा चढवले त्याच्या नोंदी, खुब्याचा एक्स-रे व अहवाल, कारखान्यातले गैरहजेरीचे पत्र. तारीखवार लावून एका पानाचा तक्ता केला. तक्ता मात्र मी केला, तेवढे काम मला येते.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अधिक मोलाची. नामंजूर केले तर कारण लेखी कळवावे लागते, हा कायदा आहे. त्या निर्णयावर कलम ५९ खाली अपील करता येते. पण अपील कशावर करणार? तोंडी शब्दावर अपील होत नाही. म्हणून त्यांनी पहिले पत्र दिले ते एवढेच: कलमाचा उल्लेख करून निर्णय आणि कारणे लेखी द्यावीत. चार ओळी. माझी दोन पाने जे करू शकली नाहीत ते या चार ओळींनी केले. लेखी उत्तर आले, 'पुरेसे वैद्यकीय कागदपत्र नाहीत.' कारण कळले, म्हणजे काय द्यायचे तेही कळले. अपील करण्याची गरजच पडली नाही. नव्या अर्जासोबत सगळे कागद चढवले आणि मुलीला पुन्हा तपासणीला बोलावले. या वेळी तिने कळा येतात तेव्हा काय होते ते न लाजता सांगितले. आधीच्या वेळी विचारले तेव्हा ती "ठीक आहे" म्हणाली होती. आपल्या मुलींना तेवढेच शिकवलेले असते ना!

मध्यंतरी एक दलाल घरी येऊन गेला. पाच हजारांत हवे तेवढे टक्के मिळवून देतो म्हणे. बाईचा जीव खालीवर झाला. मी तिला कलम ९१ वाचून दाखवले: खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतला किंवा घेण्याचा प्रयत्न केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दलाल सुटतो, नाव अर्जदाराचे असते. खरा आजार असलेल्या पोरीने खोट्या कागदाच्या वाटेला का जावे?

प्रमाणपत्र आले. चाळीस टक्क्यांच्या वर. ही चाळीसची रेघ महत्त्वाची, कारण बहुतेक योजना तिच्यापासून सुरू होतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत १८ ते ६५ वयाच्या दिव्यांगांना अनुदान आहे. पूर्वी महिना दीड हजार होते, २०२५ मध्ये राज्य सरकारने दिव्यांगांसाठी ते अडीच हजार केले. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी पन्नास हजार. तहसील कचेरीत अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. उत्पन्नाचा दाखला मुदतीत मिळाला नाही तर लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अपील आहे. या वेळी वकील बाईंनी फक्त कागद तपासले, बाकी आईनेच केले.

सगळेच वकील असे असतात असे मी म्हणणार नाही. काहींना तारखेची आठवण करून द्यावी लागते, काही फोन घेत नाहीत. तसे झाले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून वकील बदलून मागता येतो. आणि नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक पैसाही घ्यायचा नसतो. झेरॉक्सच्या नावाखालीही देऊ नका.

कार्यालय शोधणे सोपे आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. जाणे शक्य नसेल तर १५१०० हा क्रमांक देशभर मोफत लागतो. जाताना जुने सगळे कागद न्या, नामंजुरीचेसुद्धा.

त्या बाईंची प्लास्टिकची थैली आता गेली. तारखेप्रमाणे लावलेली जाड फाइल आहे, तिच्यावर मुलीने स्वतःच्या अक्षरात नाव घातले आहे. गेल्या मंगळवारी ती फाइल नमुना म्हणून काखेत घेऊन बाई पुन्हा कोर्टात गेल्या होत्या. सोबत मागच्या गल्लीतले एक जोडपे होते, त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया आहे. मला त्यांनी बोलावलेही नाही.