लग्नाचें छायाचित्रण आणि दुसरी बॉडी



लग्नाचीं छायाचित्रें काढण्याचा धंदा एका बाबतींत इतर धंद्यांहून निराळा आहे. शिंप्याचा सदरा बिघडला तर तो उसवून पुन्हां शिवतां येतो. आचाऱ्याचा भात करपला तर दुसरें पातेलें चढवितां येतें. परंतु मंगलाष्टकें संपलीं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि वधूवरांनीं एकमेकांस माळा घातल्या, म्हणजे तो क्षण गेला. नेमक्या त्याच वेळीं कॅमेरा अडला तर सर्व विधि पुन्हां करा असें भटजींना सांगण्याची सोय नाहीं. 'सावधान' हा इशारा वधूवरांसाठीं असला, तरी मांडवांतील छायाचित्रकारानेंहि तो मनावर घ्यावा असाच आहे.

यासाठीं हें काम करणाराजवळ एकाच्या जागीं दोन कॅमेरे असणें अवश्य आहे. धंद्यांतील लोक भिंगावांचूनच्या नुसत्या कॅमेऱ्यास 'बॉडी' म्हणतात, तोच शब्द येथें वापरतों. आपल्या अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ सालच्या नामांतरानंतरच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, ही गरज अधिकच तीव्र होते. जिल्हा १४ तालुक्यांचा आणि क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. सकाळीं अकोल्याच्या डोंगराळ भागांत हळद आणि दुसऱ्या दिवशीं जामखेडकडे गोरज मुहूर्त, असें काम अंगावर घेणारास वाटेंत बिघाड झाला तर दुरुस्तीसाठीं बहुधा पुण्या-मुंबईकडेच पाहावें लागतें. तेथून बॉडी परत येईपर्यंत चार मुहूर्त उलटून जातात. शिवाय वैशाखांतील ऊन आणि मांडवांतील धूळ हीं यंत्राचीं जुनीं वैरी आहेतच.

आतां ही दुसरी बॉडी निवडावी कशी? बहुतेक लोक दोन टोकांपैकीं एक गांठतात. कोणी म्हणतो, अडीअडचणीची वस्तु, तेव्हां मिळेल ती स्वस्त घ्यावी. दुसऱ्यास वाटतें, घ्यावयाचीच तर बाजारांतील अगदीं नवी घ्यावी. माझ्या मतें दोन्ही विचार चुकीचे. दुसऱ्या बॉडीचा मुख्य गुण म्हणजे पहिलीशीं असलेलें तिचें सारखेपण. भिंगें तींच लागलीं पाहिजेत, हें तर उघडच आहे. पण बॅटरी, कार्ड आणि बटणांची जागा यांकडे मात्र पुष्कळांचें लक्ष जात नाहीं.

एक उदाहरण घेऊं. कॅननची २०२० सालची आर ६ ही एखाद्याची मुख्य बॉडी आहे. जोडीला त्यानें त्याच कंपनीची, हलकी व स्वस्त अशी आरपी घेतली. भिंगें दोन्हींस चालतात. सेन्सरहि दोहोंचा सारखाच मोठा. पण आर ६ ला एलपी-ई ६ जातीची बॅटरी लागते व आरपीला एलपी-ई १७. म्हणजे दोन प्रकारच्या बॅटऱ्या, दोन चार्जर, आणि ऐन वेळीं एकीची बॅटरी दुसरीस निरुपयोगी. याहून महत्त्वाचें म्हणजे आर ६ मध्यें दोन कार्डें बसतात व प्रत्येक चित्र दोहोंवर उतरतें. आरपीमध्यें कार्ड एकच. तें बिघडलें तर त्यावरचें सर्वच गमावण्याची भीति. उलट निकॉनची झेड ६ टू ज्याजवळ आहे, त्यानें झेड ५ घेतली तर बॅटरी तीच, भिंगें तींच आणि कार्डांचीं घरें दोन. झेड ६ टूच्या दोहोंपैकीं एका घरांत एसडी कार्ड जातें, तर झेड ५ च्या दोन्ही घरांत तेंच. झेड ५ सेकंदाला साडेचारच चित्रें घेते, पहिली चौदापर्यंत घेते; पण मंगलाष्टकांना ही मंद गति पुरते. वेगांत तडजोड करावी, कार्डाच्या दुसऱ्या घरांत करूं नये.

लहान सेन्सरची बॉडी स्वस्त पडते, हें खरें. परंतु निकॉन वा सोनीच्या लहान सेन्सरवर २४ ते ७० मिलिमीटरचें भिंग ३६ ते १०५ सारखें दिसूं लागतें. गांवांतील जुन्या घराच्या लहानशा खोलींत हळद लागत असतां छायाचित्रकाराची पाठ आधींच भिंतीला टेकलेली असते. मागें सरकणार कोठें? निम्म्या मावश्या-आत्या चौकटीबाहेर राहतात, आणि पुढें अल्बम उघडला कीं त्यांचा रुसवा यजमानास काढावा लागतो.

जुनी बॉडी घेण्यास माझी हरकत नाहीं. मात्र तिचें शटर आजवर किती वेळां उघडलें तो आंकडा पाहूनच घ्यावी. निकॉनच्या २०१४ सालच्या डी ७५० चें शटर १,५०,००० वेळांपर्यंत तपासलेलें आहे. एका लग्नांत २,५०० चित्रें धरलीं तर ४० लग्नांत एक लाख होतात. यावरून एखाद्या व्यावसायिकानें दोन हंगाम वापरलेल्या बॉडींत काय उरलें असेल तें समजेल. दोन निराळ्या कंपन्यांच्या बॉड्या जोडीस घेतल्या तर हळदीचा पिवळा व पैठणीचा जांभळा रंग दोहोंत वेगळा उतरतो, आणि तो जुळवितां जुळवितां रात्री जातात.

भाड्यानें आणूं, असें कोणी म्हणेल. साध्या दिवशीं तें ठीक. पण दाट मुहूर्ताच्या दिवशीं श्रीरामपुरापासून श्रीगोंद्यापर्यंत सर्वांचींच लग्नें असतात. शेजारच्या गांवचा मित्रहि त्या दिवशीं आपला कॅमेरा देऊं शकत नाहीं.

बॉडी घेतल्यावर ती पिशवींत ठेवूं नये. खांद्यावर, भिंग लावून, बॅटरी व कार्डें घालून तयार असावी, आणि दिवसभर थोडीफार वापरावी. म्हणजे तिचा दोष मुहूर्ताच्या आधींच कळतो. दोन्ही बॉड्यांचीं घड्याळें घरून निघतांनाच मिळवून घ्यावीं. एकींत पांच मिनिटांचा फरक राहिला, तर चित्रें क्रमानें लावतांना माळा आधीं पडलेल्या दिसतात आणि अंतरपाट मागून धरलेला.