डाग खाजतो की बधिर आहे?

हिंगोली, वसमत, कळमनुरी हा हळदीचा मुलूख. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा अंगावर काही उठलं की हळद-खोबरेल लावायचं, हे ओघानंच आलं. हळद गुणाची खरी; पण भगिनींनो, पिवळ्या लेपाखाली डागाचा मूळ रंग झाकतो आणि दुखणं ओळखायचं राहून जातं. म्हणून आधी डाग उजेडात पाहा आणि दोन प्रश्न विचारा : तो खाजतो का? तिथे स्पर्श कळतो का?

खरूज : खाज रात्री अंथरुणात वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ येतं, आणि घरात दोघा-तिघांना एकदमच खाजतं. डॉक्टरांनी दिलेलं औषध साऱ्या घरानं एकाच दिवशी लावावं. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. एकट्या मुलाला लावलं, तर खाज पुन्हा फिरून येते.

गजकर्ण : गोल चट्टा, कडा लालसर व उठलेली, मध्ये त्वचा निवळलेली. घाम साचतो तिथे, म्हणजे जांघेत, परकराच्या नाडीखाली हा हमखास येतो. ही बुरशी. दुकानातून मनानंच आणलेल्या मलमात स्टेरॉइड असलं, तर दोन दिवस बरं वाटतं आणि मग चट्टा पसरतो.

पांढरे डाग : मुलांच्या गालावरचे फिकट, कोरडे डाग बहुधा जंतांचे नसतात, कोरड्या त्वचेचे असतात. छाती-पाठीवरच्या डागांचा खरवडल्यावर बारीक कोंडा निघतो, ते शिबे. दुधासारखा पांढरा, पण स्पर्श नीट कळणारा डाग कोडाचा असू शकतो. कोड संसर्गजन्य नाही.

आता जपून राहायचं ते न खाजणाऱ्या, न दुखणाऱ्या डागापासून. फिकट वा लालसर चट्टा असेल, तर डोळे मिटायला सांगून कापसाची वात हलकेच टेकवा आणि स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगा. कळलं नाही, चुलीशी चटका बसून फोड आला तरी जाणवलं नाही, किंवा चप्पल पायातून निसटलेली समजली नाही, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. स्पर्श कळला तरी चट्टा काही आठवड्यांत गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवावाच.

नाव ऐकून घाबरू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळतं, सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच संपते. उशीर झाला, तर मात्र वाकडी झालेली बोटं औषधानं सरळ होत नाहीत.

‘सासरी कळलं तर?’ म्हणून पदराआड डाग लपवणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावं : कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ च्या कायद्यानं रद्द झालं आहे. डाग लपवू नका, दाखवा.