आगगाडीतली सायकल

सायकलीवरून सहलीला जायचे म्हटले की घराच्या दारातच टांग मारायची आणि वाट धरायची, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. पण नागपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला दिवाळीच्या सुटीत चार मोकळे दिवस मिळाले, आणि पूर्वेकडचा झाडीचा मुलूख सायकलीने पाहावा असे त्याच्या मनात आले, तर हिशेब काय होतो बघा. नागपूरहून आमगाव रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या वर आहे. त्यातला बराचसा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, रात्रंदिवस मालमोटारींनी भरलेला. जायला दीड-दोन दिवस, यायला तितकेच. म्हणजे धूर खाता खाताच सुटी संपली, आणि पाहायचे ते राहूनच गेले! तेव्हा सहल जेथे सुरू व्हायला हवी तेथपर्यंत आगगाडीने जावे हेच शहाणपणाचे. आपण डब्यात बसून जाऊ. पण सायकलीचे काय करायचे?

तुम्ही म्हणाल, हा काय भाषणाचा विषय झाला? झाला तर! हौशी माणसाची सायकल हरवली तर त्याची हौस बुडते. पण आमच्या महाविद्यालयात तीन-चार कोसांवरून येणाऱ्या मुलाची सायकल हरवली, तर त्याचे रोजचे येणेजाणेच बंद पडते. असा मुलगा जेव्हा एकुलती एक सायकल रेल्वेच्या हवाली करतो, तेव्हा त्याला नियम नीट ठाऊक असायला हवेत. ते बहुतेकांना नसतात. कोणी म्हणतो, तिकीट काढले की चाळीस किलो सामान फुकट, मग सायकलही त्यातच! कोणी म्हणतो, गार्डाला विनंती केली की तो घेतो. ही दोन्ही मते सोडून द्यावीत.

आधी आमगाव कोठे आहे ते सांगतो. हावड्याहून मुंबईला जाणारा जो लोहमार्ग नागपूरवरून जातो, त्यावर गोंदियाच्या पूर्वेला गुदमा आणि त्यानंतर आमगाव लागते. पुढे धानोली, सालेकसा, दरेकसा अशी स्टेशने घेत गाडी डोंगरात शिरते, बोगदा पार करते आणि डोंगरगडला पोचते. १८८० च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावच्या दिशेने मीटरगेज मार्ग घालण्यात आला, तो छत्तीसगडचे धान्य बाहेर काढण्यासाठी. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. २००३ सालापासून हा सारा भाग दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेत मोडतो, आणि तिचे मुख्य ठाणे बिलासपूरला आहे. मार्ग जन्मला मालासाठी, माणसे मागाहून आली. आजही येथे मालगाड्यांची रीघ असते, आणि आपली पॅसेंजर बाजूला उभी राहून त्यांना वाट देते. हे आधीच समजून घेतले की चिडचिड होत नाही.

आता नियम. रेल्वेच्या दृष्टीने सायकल नेण्याच्या वाटा दोन. एक सामान म्हणून, दुसरी पार्सल म्हणून. तुमच्याजवळ प्रवासाचे तिकीट असेल आणि सायकल तुमच्याच गाडीने जायची असेल, तर ती सामान म्हणून नोंदवतात. तिकीट नसेल किंवा सायकल आधी पाठवायची असेल, तर ती पार्सल. मग ती कोणत्या गाडीने जाईल ते त्या दिवशीच्या जागेवर अवलंबून. सहलीला निघालेल्याने पहिलीच वाट धरावी. फुकट वजनाची सवलत मात्र सायकलीला लागू नाही. स्कूटर आणि सायकल या दोन वस्तू त्या सवलतीतून नाव घेऊन वगळलेल्या आहेत, तेव्हा खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही. आकार भरावा, पावती घ्यावी. गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी सामान कचेरीत पोचले पाहिजे असा नियम आहे. माझे सांगणे दीड तास आधी जा असे आहे; कारण बांधाबांध, वजन, पावती आणि सायकलीवर नाव-ठिकाण लिहिणे ही सारी कामे एकाच माणसापुढे रांगेने व्हायची असतात, आणि त्या रांगेत तुमच्या पुढे पानांच्या टोपल्या, औषधांची खोकी आणि कोणाची तरी मोटारसायकलही उभी असते.

पावतीचे महत्त्व किती, ते १९८९ च्या रेल्वे कायद्यात आहे. त्याच्या १००व्या कलमाप्रमाणे रेल्वेच्या नोकराने सामान नोंदवून पावती दिली असेल, तरच हरवल्या-मोडल्याची जबाबदारी रेल्वेवर येते. तुम्ही स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाचे नुकसान झाले, तर ते रेल्वेच्या हयगयीने झाले हे तुम्हाला सिद्ध करावे लागते. ‘ओळखीने’ ब्रेकव्हॅनमध्ये टाकलेल्या सायकलीला कायद्याच्या लेखी वाली नाही, बरं का. शिवाय पावती असली तरी भरपाईला मर्यादा आहे. किंमत जाहीर केली नसेल तर सामानाच्या दर किलोला शंभर रुपये, यापेक्षा अधिक मिळत नाही. सायकलीचे वजन पंधरा-वीस किलो धरा. म्हणजे पंधराशे ते दोन हजार रुपये झाले. एवढ्यात आज काय येते? म्हणून सायकल जरा मोलाची असली, तर नोंदवतानाच तिची किंमत जाहीर करावी आणि जादा किमतीवर ठरलेला शेकडा आकार भरावा. ही सोय आहे हे खिडकीवर आपणहून कोणी सांगत नाही, विचारावे लागते.

यानंतरची गोष्ट महत्त्वाची, आणि नेमकी तीच माणसे विसरतात. सायकल कोठपर्यंत नोंदवायची? जायचे आमगावला, म्हणून आमगावपर्यंत, हे सरळ वाटते. पण बऱ्याच जलद गाड्या आमगावला थांबतच नाहीत. ज्या थांबतात त्या मिनिट-दोन मिनिटे. तेवढ्या वेळात ब्रेकव्हॅनचे कुलूप काढून, पुढे रचलेला माल हलवून, मागे अडकलेली सायकल खाली घेणे होत नाही. गोंदिया जंक्शन आहे, तेथे गाडी बऱ्यापैकी थांबते, पार्सलची कचेरी आहे, हमाल आहेत. म्हणून सायकल गोंदियापर्यंतच नोंदवावी. नागपूरहून गोंदिया लोहमार्गाने सुमारे एकशे तीस किलोमीटर. तेथे सायकल सोडवून घ्यावी, चाकांत हवा भरावी आणि उरलेले चोवीस-पंचवीस किलोमीटर सायकलीनेच आमगाव गाठावे. पहिल्या दिवसाला एवढी मजल पुरे. त्यात सायकलीची काही कुरकुर असेल तर ती गावे आणि दुकाने हाताशी आहेत तोवरच कळते, जंगलात कळत नाही.

आमच्या चार विद्यार्थ्यांनी एकदा याच्या उलट केले. कोणत्या स्टेशनावर काय झाले ते सांगत नाही. पण मधल्या एका लहान स्टेशनावर सायकली उतरवायच्या होत्या. तीन उतरल्या. चौथी मालाच्या आड राहिली, गाडी सुटली आणि सायकल परराज्यात गेली. ती तिसऱ्या दिवशी परत आली. तोवर तिघे जण फिरून आले होते, आणि चौथा स्टेशनाजवळच्या एका नातेवाइकाकडे बसून होता. त्याचा राग कोणावर नव्हता, त्याला फक्त सुटी गेल्याचे वाईट वाटत होते. मला मात्र आपल्याकडच्या व्यवस्थेचे नवल वाटले. पावती बिनचूक, सायकल सुखरूप, आणि सहल मात्र बुडाली!

ब्रेकव्हॅन गाडीच्या पुढच्या टोकाला असते आणि मागच्याही. तुमची सायकल कोणत्या टोकाला चढली ते चढवतानाच पाहून ठेवा, आणि उतरायच्या आधी आपल्या डब्यातून त्या बाजूला सरकून उभे राहा. ज्याला आपण आजवर गार्ड म्हणत आलो, त्याला रेल्वेने २०२२ सालापासून ‘ट्रेन मॅनेजर’ हे नाव दिले आहे. नाव काहीही असो, गाडी सुटण्यापूर्वी पावती दाखवून ‘गोंदियाला एक सायकल आहे’ एवढे त्याच्या कानावर घालावे.

बांधणीबद्दल दोन शब्द. पायडल काढून पिशवीत ठेवावी. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, तेव्हा पाना उलटा फिरवावा. हँडल सैल करून फ्रेमच्या रेषेत वळवावे. पंप, घंटा, दिवा, जे जे सहज निघते ते सारे काढून बरोबर घ्यावे. चेनच्या बाजूला जाड पुठ्ठा, फ्रेमला गोणपाट आणि वरून सुतळी. गोणपाटाच्या आत भाताचे तणस कोंबले तर धक्के बसत नाहीत. ठिकाणाची चिठ्ठी दोन जागी हवी, एक बाहेर आणि एक सीटखाली, बाहेरची फाटते. सायकल आडवी पडू नये अशी विनंती करावी, पण ती आडवी पडणारच असे धरून बांधावी.

चाके काढून, पिशवीत घालून सायकल डब्यातच का नेऊ नये, असे पुष्कळ जण विचारतात. डब्यात नेण्याच्या पेटीला शंभर, साठ आणि पंचवीस सेंटिमीटर अशी मर्यादा आहे. आता सव्वीस इंची चाक टायरसकट पासष्ट सेंटिमीटरच्या वर भरते. म्हणजे नुसते चाकही त्या मापात बसत नाही. वीस इंची चाकाची घडीची सायकल असेल तर गोष्ट वेगळी, ती बाकाखाली सरकते. पण अशा सायकली महाग आणि आपल्या खडीच्या रस्त्यांना नाजूक. ज्याच्याजवळ साधी सायकल आहे त्याने ब्रेकव्हॅनचीच वाट धरावी.

परदेशात हा प्रश्न फार आधी उभा राहिला. इंग्लंडात सायकलीने प्रवास करणाऱ्यांची संस्था १८७८ साली निघाली. हॉलंडमध्ये आज गर्दीची वेळ टाळून, सायकलीचे वेगळे तिकीट काढून ती डब्यात चढवता येते, आणि घडी केलेली सायकल तर फुकट जाते. शिवाय पुष्कळ स्टेशनांवर भाड्याच्या सायकली उभ्याच असतात. नेण्या-आणण्याचा प्रश्नच मिटला. आपल्याकडे नागपूरच्या मेट्रोने प्रवाशांना सायकल बरोबर नेण्याची मुभा दिली, ही चांगली सुरुवात म्हणायची. पण मेट्रो शहरातली. सहल शहराबाहेर सुरू होते. गोंदियाच्या स्टेशनाबाहेर दहा धड सायकली भाड्याने मिळाल्या, तर माझ्या या लेखातली निम्मी खटपट वाचेल.

इतकी खटपट करून आमगावला यायचे कशासाठी? आमगावला लागून पदमपूर नावाचे लहान गाव आहे. आठव्या शतकातला नाटककार भवभूती आपले मूळ गाव पद्मपूर म्हणून सांगतो. ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. ‘उत्तररामचरित’ लिहिणाऱ्याच्या गावातून सायकल हाकताना संस्कृतच्या विद्यार्थ्याला जे वाटेल ते मोटारीतल्या माणसाला वाटणार नाही. मोटार ते गाव दोन मिनिटांत ओलांडते. तेथून सालेकसा पंधरा-वीस किलोमीटर, आणि पुढे डोंगर चढू लागतात. दरेकसा स्टेशनापासून चालत जाण्याइतका जवळ हाजरा धबधबा आहे. पावसाळा सरून थोडेच दिवस झाले असले तर पाणी भरपूर असते. त्याच डोंगरात कचारगडची प्रचंड गुहा आहे. गोंड बांधवांचे ते मोठे श्रद्धास्थान, आणि माघी पौर्णिमेला तेथे दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. तेथे जाताना सहलीचा गलका वाटेवरच ठेवून जावे.

डोंगर नको असतील त्याने आमगावहून दक्षिणेला देवरीकडे वळावे. पस्तीस-चाळीस किलोमीटरांची ही मजल. पुढे महामार्गाचा थोडा तुकडा सोसला की कोहमाऱ्याहून नवेगावबांधला जाता येते. या जिल्ह्यात जागोजागी जुने मालगुजारी तलाव दिसतात. ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा, आणि नवेगावचा बांधही त्यांचाच मानतात. धानाच्या बांध्यांत नशिबाने सारसाची जोडी दिसली तर सायकल हळूच आडवी टाकून उभे राहावे. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः याच भागात उरला आहे. वाटेत कोणाशी बोलाल तर झाडीबोली कानावर पडेल, पुढच्या गावी पोवारी, त्याच्या पुढे गोंडी आणि छत्तीसगडी. दिवस मावळल्यावर जंगलातून मात्र जाऊ नये. अस्वल सायकलीची घंटा ऐकून वाट देत नाही.

परतीची तयारी जाण्यापूर्वीच करावी. दिवाळीनंतरच्या गाड्यांना गर्दी असते आणि ब्रेकव्हॅनही भरलेली असते. म्हणून शेवटचा अर्धा दिवस गोंदियासाठी राखून ठेवावा, सायकल सकाळीच कचेरीत न्यावी आणि आपण दुपारची किंवा संध्याकाळची गाडी धरावी. येताना सोडलेले गोणपाट आणि सुतळी फेकून देऊ नका. घडी करून कॅरिअरला बांधा, वाटेत बसायला कामाला येते. तणस मात्र वाहून न्यायची गरज नाही. हलक्या धानाची मळणी तोवर सुरू झालेली असते; कोणत्याही खळ्यावर मागितले तर मूठभर कोणीही देतो.