पावती, खतावणी आणि विवरणपत्र

न्यासाच्या महोत्सवाप्रीत्यर्थ चार उपयुक्त शब्द लिहावेत, असा मंडळींचा आग्रह झाला. आम्ही पेशाने शिक्षक. न्यासाचे पावतीपुस्तक काही वर्षे आमच्याकडे आहे. तेव्हा देणगीच्या नोंदीविषयीच लिहितो.

लष्करातील एका वृद्ध पेन्शनर गृहस्थांनी ५,००० रुपयांचा चेक दिला आणि म्हणाले, "मास्तर, दान गुप्त बरे. पावतीवर 'एक हितचिंतक' लिहा." आम्हांलाही लहानपणापासून हीच शिकवण. आम्ही तसेच लिहिले. पुढे त्यांच्या चिरंजीवांनी प्रमाणपत्र मागितले तेव्हा चूक कळली. दुरुस्ती केली, पण तोवर त्यांची सुधारित विवरणपत्राची मुदत संपली होती. त्यांनी बोल लावला नाही. आम्हांस मात्र लाज वाटली.

आता नियम सांगतो. २०२५-२६ अखेरपर्यंतच्या देणग्यांस १९६१ चा आयकर कायदा लागू आहे. कलम ८०-जी ची मान्यता असलेल्या बहुतेक न्यासांस दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम, ठराविक मर्यादेत, उत्पन्नातून वजा होते. म्हणजे ५,००० वर २,५०० वजा; कराचा दर २० टक्के असल्यास, उपकर सोडून, ५०० रुपये वाचतात. २,००० हून अधिक रोख रक्कम किंवा धान्य-कपडे दिल्यास ही सवलत नाही. नवी करपद्धती स्वीकारणारासही ती मिळत नाही.

२०२१-२२ पासून केवळ पावती पुरत नाही. न्यासाने वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत १०-बीडी हे विवरण आयकर खात्याच्या संकेतस्थळावर भरावे आणि दात्यास १०-बीई प्रमाणपत्र द्यावे लागते. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क पडते.

शिंदेशाहीचे कारकून आधी रोजकीर्द लिहीत, मग खतावणीत चढवीत. आपणही तेच करावयाचे. पावतीपुस्तक ही रोजकीर्द. संगणकावरील तक्ता ही खतावणी. त्यात दात्याचा पॅन किंवा आधार क्रमांक, नाव, पत्ता, देणगीचा प्रकार, देण्याची रीत व रक्कम, असे रकाने खात्याच्या नमुन्याच्याच क्रमाने ठेवावेत. दर आठवड्यास भरावे व बँकेच्या पासबुकाशी ताळा पाहावा. मग मे महिन्यात तीच यादी सीएसव्ही फाईल करून एकदम चढविता येते. पॅनमधले एक अक्षर चुकले, तर देणगी भलत्याच्या नावे लागते. चूक दिसताच दुरुस्तीचे विवरण भरावे.

दात्याने १०-बीई वरील न्यासाचा पॅन, रक्कम व एआरएन क्रमांक आपल्या विवरणपत्राच्या ८०-जी परिशिष्टात जसाच्या तसा उतरवावा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या देणग्यांस २०२५ चा कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक नव्याने पाहावेत. वही लिहिण्याची रीत तीच.

आणि गुप्तदान? निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी मोठ्या रकमेपलीकडे गेल्या, तर वरच्या रकमेवर धर्मादाय न्यासासच ३० टक्के कर पडतो. म्हणजे विद्यार्थ्याच्या वह्यांचा पैसा करात जातो. नाव फलकावर नको असेल तर खुशाल नसावे. वहीत मात्र असावे. गुप्तता बढाईपासून पाळावयाची, हिशेबापासून नव्हे.