आधी कर्तव्य, मग हक्क?

नववीच्या वर्गात मी दर वर्षी एक प्रयोग करते. ज्याला जे मूलभूत कर्तव्य आठवेल ते त्याने फळ्यावर येऊन लिहायचं. पहिलं ठरलेलं असतं, मतदान करणे. मग कर भरणे, आई-वडिलांचं ऐकणे, गुरुजनांचा मान राखणे. नंतर आम्ही संविधानातलं कलम ५१ क उघडतो. या चारांपैकी एकही तिथे नसतं.

मतदान मोलाचं आहेच आणि कर भरणं तर कायद्यानेच बंधनकारक आहे, पण ही यादी वेगळी आहे. नद्या-वनांचं रक्षण, स्त्रियांचा मान कमी करणाऱ्या प्रथा सोडणं, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी वाढवणं, हे सगळं तिच्यात आहे. म्हणजे ‘हे असंच का?’ असं विचारणारी मुलगी उद्धट नसते, ती आपलं कर्तव्यच करत असते. हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

‘आधी कर्तव्य करा, मग हक्क मागा’ हे वाक्य तर घराघरांत ऐकू येतं. मला ते सर्वांत घातक वाटतं, कारण त्यामुळे हक्क म्हणजे शहाण्या मुलाला मिळणारं बक्षीस ठरतं. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झालं तेव्हा मूलभूत हक्क त्यात होते, मूलभूत कर्तव्यं मात्र नव्हती. ती १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने आली, तीही दहा. अकरावं आलं २००२ मध्ये आणि ते मोठ्यांसाठी आहे : सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी द्यायची. हक्क मिळण्याची अट म्हणून यातलं एकही लिहिलेलं नाही.

‘हक्क अठराव्या वर्षी मिळतात’ हाही असाच एक समज. अठराव्या वर्षी मिळतं ते मत. १९८५ मध्ये केरळमधल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. त्यांच्या धर्मश्रद्धेत बसत नसल्याने ती राष्ट्रगीत म्हणत नसत, पण ते चालू असताना आदराने उभी राहत. धाकटी पाचवीत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. उभं राहण्यातच आदर आहे, गायलाच हवं अशी सक्ती कुठल्याही कायद्यात नाही आणि काढून टाकल्याने मुलांच्या अभिव्यक्तीच्या व धर्माच्या स्वातंत्र्याचा भंग झाला, असं न्यायालयाने १९८६ मध्ये म्हटलं. मुलांना परत घ्यायला लावलं.

शाळेतल्या छडीचंही तेच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मारणं आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी घातली आहे. हे कलम मी वर्गात मोठ्याने वाचते तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुज थांबते. एकदा एका मुलाने विचारलं, “बाई, हे आधीपासून होतं?”

मतदार नोंदणीचा अर्जही अठरा पूर्ण होईपर्यंत अडून राहत नाही. सतरा पूर्ण झाल्यावर तो आगाऊ भरता येतो.