ड्यूटी म्हणजे देणं

भिलाईत पायाला बूट चढवणाऱ्या माणसाला विचारा, "कुठे निघालात?" उत्तर एका शब्दात येतं : "ड्यूटी." भट्टीवरचा कामगार हेच म्हणतो आणि वातानुकूलित खोलीत बसणारा अधिकारीही हेच म्हणतो. इथल्या मराठी घरांतसुद्धा "बाबा कामावर गेलेत" यापेक्षा "बाबा ड्यूटीवर गेलेत" हेच जिभेवर आहे. कामाला इंग्रजीत वर्क, जॉब, लेबर, एम्प्लॉयमेंट असे कितीतरी शब्द असताना या पोलादनगरीने नेमका हाच उचलला.

ड्यूटीच्या पोटात 'ड्यू' आहे. ड्यू म्हणजे देय, देणं लागत असलेलं. त्याच्याही मागे गेलं की लॅटिनमधलं 'डेबेरे' हे क्रियापद भेटतं. त्याचा अर्थ 'देणं लागणे', आणि कर्जाला इंग्रजीत म्हणतात तो 'डेट' हा शब्दही त्याचंच अपत्य आहे. परदेशातून आलेल्या मालावरच्या जकातीला ड्यूटी का म्हणतात, याचा उलगडा इथे होतो. सरकारला द्यायचं ते देणं ड्यूटी आणि भट्टीवर आठ तास उभं राहून द्यायचं तेही ड्यूटी. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्या परंपरेला ही कल्पना मुळीच परकी वाटू नये.

हा शब्द भिलाईला इतका चपखल बसला याचं कारण मला झोतभट्टीत दिसतं. झोतभट्टी म्हणजे ब्लास्ट फर्नेस. वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी टाकत राहायची, खालून तापलेल्या हवेचा झोत मारत राहायचा आणि तळाशी साचलेला, साधारण दीड हजार अंश सेल्सियस तापमानाचा लोखंडाचा रस ठरावीक वेळाने बाहेर काढायचा. एकदा पेटवलेली भट्टी वर्षानुवर्षं, दिवसरात्र चालते. ती मनाला येईल तेव्हा विझवता येत नाही. आतला रस थिजला तर ती पुन्हा जिवंत करणं महाकठीण असतं. म्हणून दिवाळी असो, घरात लग्न असो, कुणीतरी तिच्यापाशी उभं असावंच लागतं. पोलिसात, रेल्वेत, इस्पितळातही जागा रिकामी ठेवता येत नाही आणि तिथेही ड्यूटी हाच शब्द रुळला आहे.

त्याचा जोडीदार 'शिफ्ट'. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वाटणी करणे, मांडणी लावणे असा होता. जागा बदलणे हा अर्थ नंतर आला. टाइपरायटरवर मोठं अक्षर उमटवण्यासाठी यंत्राचा एक भाग जागचा हलायचा, म्हणून त्या कळीला शिफ्ट म्हणत. आज संगणकात काहीच हलत नाही, पण नाव टिकून आहे. मुंबईच्या गिरणगावाने कामाच्या शिफ्टला 'पाळी' म्हटलं : पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. शिफ्टमध्ये बदल दिसतो, पाळीत आपली बारी दिसते. मला 'पाळी' हा शब्द जास्त आवडतो, कारण त्यात माझ्या आधी कुणीतरी होता आणि माझ्यानंतर कुणीतरी येणार आहे, हे आपोआप येतं. त्याच गिरण्यांनी 'जॉब'वरून आलेला 'जॉबर'ही मराठी करून टाकला होता. माणसं कामावर लावणारा हा जॉबर गावाकडून आलेल्या तरुणासाठी साहेबापेक्षाही मोठा होता.

भिलाईत आणखी एक भाषा आली, ती कारखान्याबरोबरच. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला. तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती! ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. भट्ट्यांवर रशियन अभियंते वावरत होते. त्यांच्या भाषेत काम म्हणजे 'रबोता'. तो ज्या 'रब' या शब्दाशी जोडलेला आहे, त्याचा अर्थ गुलाम. चेक भाषेतला त्याचा भाऊ 'रोबोता', म्हणजे जमीनदाराच्या शेतावर करावी लागणारी सक्तीची मेहनत. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली एका नाटकात कृत्रिम कामगार रंगवले आणि त्यांच्यासाठी 'रोबोट' हा शब्द जगाला दिला. तो सुचवला होता त्यांचे भाऊ योसेफ यांनी.

याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. भाषाशास्त्रज्ञ या स्लाव शब्दांचं मूळ ज्या आदिम धातूत शोधतात, त्याच धातूशी ते 'अनाथ' या अर्थाचा ग्रीक शब्द, कामासाठीचा जर्मन 'आर्बाइट' आणि ऋग्वेदातला 'अर्भ' म्हणजे लहान, दुबळा, हेही जोडतात. 'अर्भ'पासून आपलं अर्भक. आधार सुटलेलं मूल, मग दुसऱ्याच्या दारी राबणारा, मग राबणं, मग यंत्रमानव : पाळण्यातलं अर्भक आणि कारखान्यातला रोबोट एका कुळातले!

आपले शब्दही कमी फिरलेले नाहीत. 'नोकर' फारसीतून आला, पण निघाला मंगोलियातून. चंगेजखानाच्या काळात 'नोकोर' म्हणजे सरदाराचा इमानी साथीदार. सोबती होता तो मराठीत येईपर्यंत चाकर झाला. फारसीत 'रोजगार' म्हणजे काळ, जमाना. आपल्याकडे तो पोटाचा उद्योग. 'वेठबिगार' तर एकाच अन्यायाची दोन नावं एकत्र बांधतो : 'वेठ' संस्कृत 'विष्टी'पासून, 'बिगार' फारसीतून आणि दोन्हींचा अर्थ फुकट राबवून घेणं. भिलाईभोवतीच्या छत्तीसगढीत शेतावरच्या मजुराला 'बनिहार' म्हणतात आणि कामाला 'काम-बूता'.

आणि आपलं साधं 'काम'? संस्कृत 'कर्म', प्राकृत 'कम्म', मग काम. वासना या अर्थाचा संस्कृत 'काम' वेगळ्या वाटेने येऊन मराठीत त्याच्या शेजारी बसला. त्याच 'कर्म'च्या घरातलं 'कमावणे' आपण पैशासाठी वापरतो, शरीरासाठी वापरतो आणि चामड्यासाठीही. कच्च्या मालावर मेहनत करून त्याचा गुणच पालटायचा, हा अर्थ चामड्यात जसा लख्ख दिसतो, तसा दल्ली-राजहऱ्याच्या खाणीतल्या तांबड्या दगडाचा रेल्वेचा रूळ होताना दिसतो. भिलाईत २६० मीटर लांबीचे रूळही तयार होतात. लोखंडाचं काम करणाऱ्या माणसाचं आपल्याकडचं जुनं नाव 'लोहार' आहे आणि त्यातला शेवटचा 'आर' म्हणजे लोहकारातला 'कार', करणारा.

तुमच्या घरात कुणी गिरणीत, रेल्वेत, खाणीत किंवा पोलाद कारखान्यात राबलं असेल, तर त्यांच्या कामाचे शब्द त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. यातले बरेच शब्द कोशांत सापडत नाहीत.