दोन जिवांची आई आणि अंगावरचे मूल

डिचोली तालुक्यातील मुळगाव असो वा अन्य खेडे, मूल अंगावर पीत असता आईला पुन्हा दिवस गेले, की ‘अंगावरचे तोड, ते दूध बाधते’ असे वडीलधाऱ्या बायका सांगतात. समजूत जुनी आहे. आयुर्वेदात अशा मुलाच्या रोगास ‘पारिगर्भिक’ म्हटले आहे. धाकट्याच्या आगमनाने थोरल्यास जडणारा ‘क्वाशिओरकोर’ सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३३ साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्टवरून वर्णिला. तेथे दोष दुधाचा नव्हता. दूध तुटल्यावर पोटात जाणाऱ्या मक्याच्या निकस लापशीचा होता!

चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध बहुधा आटते, पुढे चीक येतो; तो बाधत नाही. मात्र वर्षाच्या मुलास नुसत्या पेजेवर न ठेवता डाळ, अंडे, मासळीही द्यावी. सहा महिन्यांच्या आतील मुलाचे वजन डॉक्टरांकडून वरचेवर पाहून घ्यावे. रक्तस्राव होत असल्यास, किंवा पूर्वी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली असल्यास, पाजण्याविषयी त्यांनाच विचारावे.